रंगारी आणि सातवा गट

यंत्र चुकलं नव्हतं. हे वाक्य मी तीन वर्षांपूर्वी मोठ्याने बोलायला हवं होतं. करंजा गावाच्या बाजूला खाडीकाठी कोळणींची मासळी सुकवायची जागा होती. ती आमच्या नकाशात 'पडीक' म्हणून लागली, तिच्याभोवती तारेचं कुंपण पडलं, आणि ज्यांच्या माथी दोष आला ते गृहस्थ नोकरीतून गेले. आमच्या धंद्यात अजूनही त्यांचा विषय निघाला की लोक हसतात. "तो यंत्रवाला ना? ज्याच्या यंत्राला मासे आणि माती यातला फरक कळला नाही?" कळला होता. न कळलेला माणूस मी. पण ते गृहस्थ कसे होते हे आधी सांगायला हवं, कारण त्यांच्या विक्षिप्तपणाच्या आड लपणं मला फार सोपं गेलं.

ऑफिसात सगळे त्यांना रंगारी म्हणत. नवीन पनवेलला टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. ड्रोनने काढलेल्या फोटोंवरून जमिनीचे नकाशे करून द्यायचे, हा व्यवसाय. मी सरकारी खात्यात आयुष्यभर जमीन मोजत फिरलेला मोजणीदार. निवृत्तीनंतर शेठनी मला "जुना माणूस आहे, गावंन् गाव पायाखालचं आहे" म्हणून ठेवून घेतलं. रंगारी पंचेचाळिशीचे, उंच, शर्टाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावणारे. तेव्हा मी मनातल्या मनात त्यांना अरेतुरे करत असे. इथे अहो-जाहो लिहितो आहे, ते उशिरा सुचलेलं शहाणपण आहे.

त्यांचं यंत्र म्हणजे दिसायला साधा संगणकच. दुसऱ्या कंपन्यांत फोटोवर माणसं बसवून एकेका झाडाभोवती रेघ काढून घेतात, "हे झाड, हे छप्पर, हे पाणी" असं यंत्राला हजारदा सांगतात, तेव्हा कुठे ते शिकतं. रंगाऱ्यांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या यंत्राला कुणी काही सांगायचं नाही. फोटो द्यायचे आणि गप्प बसायचं. यंत्र आपलं आपण बघून ठरवणार की हे ठिपके एकमेकांसारखे, ते ठिपके वेगळे. मग एकेका गटाला एकेक रंग भरणार. गट एक, गट दोन, गट तीन. कशाला काय म्हणतात हे त्याला ठाऊक नसे.

"हे तुम्ही सारखं म्हणता ते डीप लर्निंग म्हणजे काय हो?" मी पहिल्या आठवड्यात विचारलं.

"चाळणीखाली चाळणी, काका. पहिलीत कडा अडकतात. दुसरीत पोत. खालच्या चाळण्यांत काय अडकतं ते मलाही सांगता येत नाही."

"मग शिकवतं कोण?"

"कुणी नाही. हीच तर मजा आहे."

शिकवणारा कुणी नाही आणि मजा आहे, हे मी शाळेत असताना मास्तर रजेवर गेल्याच्या दिवशीच ऐकलं होतं.

त्यांच्या टेबलामागे भिंतीवर एक कागद होता: 'इथे कुणीही नावं ठेवू नयेत.' एकदा एक बाई प्लॉटच्या नकाशासाठी आल्या होत्या. जाताना मला हळूच म्हणाल्या, "किती सज्जन आहेत हो हे! आमच्या ऑफिसात अशी पाटी लावली तर कामच उरायचं नाही कुणाला." रंगाऱ्यांचा अर्थ अगदी सरळ होता. वस्तूला नाव ठेवलं की माणूस तिच्याकडे बघायचं थांबतो, असं त्यांचं म्हणणं.

हे म्हणणं ते ऑफिसातच ठेवून घरी जात असते तर बरं झालं असतं. टायरच्या दुकानाशेजारी चहाची टपरी होती. तिथे ते "चहा द्या" म्हणत नसत. "एक गरम, तपकिरी, गोडसर द्या," म्हणत. टपरीवाल्याला सवय होती. एक दिवस त्याचा मेहुणा बसला होता, घसा धरला म्हणून त्याने स्वतःसाठी मिरं आणि गूळ घालून काढा उकळला होता. त्याने तोच दिला. रंगाऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ग्लास पूर्ण रिकामा केला.

"अहो, हा चहा नाही," मी म्हटलं.

"वर्णनात बसतं," ते खोकत म्हणाले.

पोहे खाण्याची पद्धतही ठरलेली. आधी ताटलीत वाटण्या: शेंगदाणे एका बाजूला, कांदा एका बाजूला, मिरची एका बाजूला. मग निरखून बघणार. एकदा ते हात आवरून बसून राहिले.

"काय झालं?"

"काका, हा चौथा गट कुठला?"

मी चष्मा लावून बघितलं. छताचं प्लॅस्टर पडलं होतं. मी आणि शेठ तोवर अर्धी अर्धी ताटली संपवून बसलो होतो. शेठ म्हणाले, "तरीच मला आज खोबरं जास्त वाटलं."

त्यांच्या सोसायटीत, रोडपालीला, सत्यनारायणाची पूजा होती. दाराशी चपलांचा ढीग झाला म्हणून कुणीतरी त्यांना म्हणालं, जरा नीट लावा हो. यांनी लावल्या. सगळे डावे पाय एका रांगेत, सगळे उजवे समोरच्या भिंतीला, त्यातही पट्ट्याच्या, बिनपट्ट्याच्या वेगळ्या. आरती संपल्यावर ऐंशी माणसं जिन्यात एका पायावर उड्या मारत होती. चेअरमन ओरडले, "अहो, जोड्या का मोडल्यात?" रंगारी शांतपणे म्हणाले, "जोडी हे तुम्ही ठरवलेलं. दिसायला डावा उजव्यासारखा नसतोच." त्यानंतर त्यांना सोसायटीने कोणतंही काम सांगितलं नाही. त्याचं त्यांना वाईट वाटलं नाही, उलट फावलं.

शेठच्या मुलीच्या लग्नाचे फोटो आले तेव्हा मात्र प्रकरण नोकरीवर येणार होतं. रंगाऱ्यांनी कौतुकाने ते यंत्राला दाखवले. नवरी वेगळी आली, भटजी वेगळे आले, हार वेगळे आले. नवरदेव आणि स्टेजवरचा सोफा मात्र एकाच गटात. शेरवानी मरून रंगाची, सोफाही मरून, दोन्हीवर सोनेरी वेलबुट्टी. कुणीही गप्प राहिलं असतं. रंगारी ते फोटो घेऊन शेठच्या केबिनमध्ये गेले.

"म्हणजे माझा जावई आणि सोफा एकच?" शेठ उठून उभे राहिले.

"यंत्राचा तसा आग्रह आहे. मी काही शिकवलेलं नाही."

"चेहरा दिसत नाही का तुमच्या यंत्राला?"

"चेहरा वेगळा काढला आहे, शेठ. मुंडकं गट तीनमध्ये आहे."

मी मध्ये पडून शेठना खाली बसवलं. पुढे वर्षभराने जावईबापू सासरी येऊन राहिले, धंदा करतो करतो म्हणत हॉलमधल्या सोफ्यावरून उठेनात, तेव्हा शेठ एकदा रंगाऱ्यांच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "तुमच्या यंत्राला आधी कळलं होतं."

किती गट करायचे एवढंच माणसाने ठरवायचं असे. पाच म्हटलं तर म्हैस आणि डबकं एक व्हायचं. पन्नास म्हटलं तर म्हशीची पाठ वेगळी, पोट वेगळं, शेपटी तिसरीकडे. "वाटण्या किती हव्यात ते सांगा," ते म्हणत. "म्हशी किती ते विचारू नका." मी भावाभावांच्या वाटण्या मोजण्यात हयात घालवलेली. मला हे फारसं विचित्र वाटलं नाही.

गटांना नावं द्यायचं काम माझं. कारण गिऱ्हाइकाला गट चार नको असतो, त्याला भातशेती हवी असते. मी नकाशा आणि फोटो शेजारी ठेवून बघायचो, अडलं तर जागेवर जाऊन यायचो, आणि लिहायचो. ते रंगवणार, मी नाव देणार. ही व्यवस्था दोन वर्षं चांगली चालली.

मग कंटेनर ठेवायला मोकळी जमीन शोधणाऱ्या एका कंपनीचं काम आलं. करंज्याच्या अलीकडची खाडीकाठची पट्टी. त्यांचा छापील तक्ता होता, त्यात सहा खाने: शेती, झाडी, पाणी, बांधकाम, रस्ता, पडीक. यंत्राने गट केले सात.

रंगाऱ्यांना इतकं आनंदलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. सातवा गट म्हणजे खाडीला लागून एक लहानसा तुकडा, फोटोत चंदेरी गुलाबी, त्यात शेजारी शेजारी अगदी सरळ पट्ट्या. ते प्रत्येकाला बोलावून दाखवत होते, घरी बाळ झाल्यासारखे. "हे काय आहे ते मला माहीत नाही!" ते म्हणाले. "काका, तुम्ही जाऊन या. आणि मला सांगा, पायाखाली कसं लागतं."

मी गेलो.

आता जे लिहितो ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आमच्या घरात मासळी शिजत नाही. पनवेलच्या बाजारात त्या बाजूने जाताना मी श्वास धरून चालणारा माणूस. रिक्षा खाडीकडे वळली आणि सुक्या मासळीचा वास आला. रिक्षावाला म्हणाला, "उतरताय ना काका? ती काय समोर." मी रुमालाने नाक दाबलं, लांबून बघितलं. बायका लांबवर वाकलेल्या होत्या, जमीन चकाकत होती. मी म्हटलं, "दिसलं. वळव." सबंध पाहणी दोन मिनिटांची. परत येऊन तक्त्यावर लिहिलं आणि खाली सही ठोकली: 'प्रत्यक्ष पाहणी केली. मोकळी पडीक जागा.' सातव्या गटाला तक्त्यात खानाच नव्हता, हे कारण मी मनाशी तयार ठेवलं होतं.

"पायाखाली कसं लागलं?" रंगाऱ्यांनी वही उघडून विचारलं.

"खडबडीत," मी म्हटलं. "दगडगोटे."

त्यांनी लिहून घेतलं. दगडगोटे मग चमकतात कसे, ते पट्ट्यांनी कसे पडतात, म्हणून पुढचे आठ दिवस ते यंत्राशी झगडत राहिले. त्यांचा जेवणाचा डबा तसाच परत जाई. यंत्र हट्टाने तो तुकडा वेगळा दाखवायचं आणि हे त्याला समजावायचे, "अरे, नाही. काका जाऊन आलेत." शेवटी त्यांनी गट सहावर आणले. तुकडा पडीकात मिसळला. नकाशा गेला.

दोन-तीन महिन्यांनी चार कोळणी ऑफिसात आल्या. पुढे होती ती साठीची बाई, अंगाने बारीक, आवाजाने मोठी. मासळी सुकवायची ती सरकारी जागा कंपनीला भाड्याने दिली गेली होती, 'कोणाच्या वापरात नाही' असं म्हणून, आणि पुरावा आमचा नकाशा.

"कोन तो?" तिने दारातच विचारलं. "ज्याला आमी दिसलो नाय तो कोन?"

शेठनी रंगाऱ्यांकडे बोट केलं. "यांचं मशीन आहे, बाई."

ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "काय रं दादा, माज्या सासूच्या सासूपासून आमी तितं जवला सुकवतो. आनि तू पडीक लिवतस?"

जवळा म्हणजे ती बारीक, केसासारखी कोळंबी. कुणीही माणूस अशा वेळी स्वतःचा बचाव करेल. रंगारी खुर्चीतून उठले आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "जवळा!" ते म्हणाले. "ओला असताना चंदेरी, वाळत आला की गुलाबी?"

"मंग काय हिरवा आसल?"

त्यांनी जुनी फाइल उघडून पडदा तिच्याकडे वळवला. सात गटांची. ती वाकली, पदराने डोळे पुसून परत वाकली. मग बोट लावून म्हणाली, "अगो, ही माजी पट्टी! ही माज्या जावेची. ही हिची." मागच्या तिघी पुढे घुसल्या. जमिनीवर हद्दीचा दगड नाही, दोरी नाही, तरी कुणाचं कुठे संपतं हे चौघींना ठाऊक होतं, आणि ते सगळं पडद्यावर होतं.

शेठ पुढे आले. "इथे वेगळं दिसतंय, मग शेवटच्या नकाशात सहाच गट कसे?"

"मी कमी केले," रंगारी म्हणाले.

"का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. "तिथे खडबडीत आहे असं कळलं होतं."

कुणाकडून कळलं, ते त्यांनी सांगितलं नाही. शेठनीही विचारलं नाही. मी ड्रॉवरमध्ये स्टेपलरच्या पिना शोधत होतो. मग शेठ माझ्याकडे वळले, "काका, तुम्ही बघून आला होतात ना?" मी ड्रॉवरमधून डोकं वर न काढता म्हटलं, "मी गेलो तेव्हा काही नव्हतं. यंत्रानेही पडीकच धरलंय."

दिलेला नकाशा मागे घेतला तर आपलं हसं होईल, असं शेठनी ठरवलं. त्याऐवजी त्यांनी रंगाऱ्यांना काढलं. शेवटच्या दिवशी रंगारी आपलं यंत्र काखेत घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "काका, तुमच्या पायाला लागलेले दगडगोटे यंत्राला दिसलेच नाहीत. त्यात काहीतरी खोट राहिली. मला सापडली नाही." मी म्हटलं, "होतं असं."

पुढे तीन वर्षं बायकांचा अर्ज तालुक्याच्या कार्यालयात पडून होता. कंपनीने कंटेनर आणले नव्हते, पण फाटकाला कुलूप होतं. गेल्या महिन्यात एका ओळखीच्या कारकुनाने मला सहज सांगितलं की सुनावणी लागली आहे, आणि तुमच्या नकाशामुळे बाया हरणार. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पण तिसऱ्या दिवशी सकाळी मी रोडपालीला गेलो.

रंगारी मेव्हण्याच्या किराणा दुकानात बसत होते. पोत्यांवरच्या पाट्या त्यांनी काढून ठेवल्या होत्या. एक गिऱ्हाईक तूरडाळ मागत होतं आणि हे त्याला पोत्यात हात घालून बघायला सांगत होते. आतून मेव्हणा ओरडला, "पाट्या लावा हो! काल एका बाईने मुगाऐवजी मेथ्या नेल्या!"

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. रिक्षा, रुमाल, दगडगोटे, पिना. ते ऐकत होते. मी थांबलो तेव्हा त्यांनी एकच विचारलं.

"म्हणजे यंत्र बरोबर होतं?"

"हो."

ते पोत्यावर बसले. कुठल्या ते पाटी नसल्यामुळे सांगता येणार नाही. "तीन वर्षं मी त्याची एकेक चाळणी सोडवून बघतोय," ते म्हणाले. "रोज. कुठे चुकलं, कुठे चुकलं."

"मला माफ करा," मी म्हटलं.

त्यांना चिडलेलं मी आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "माझी माफी काय मागता? त्या बाया तीन वर्षं रस्त्याच्या कडेला जवळा सुकवतात. ट्रक जातो आणि धूळ बसते. मी जाऊन बघून आलोय. तुम्ही गेलात का?"

मी गेलो नव्हतो. त्याच दुपारी आम्ही दोघं रिक्षाने गेलो. मी खाली उतरलो. किती वेळ उभा होतो आणि काय काय सहन केलं ते सांगण्यात अर्थ नाही. तिथल्या लोकांना ते रोजचंच आहे. त्या बाईने मला ओळखलं नाही. मीच सांगितलं की ज्याला तुम्ही दिसला नाहीत तो मी. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "इतका म्हातारा हाय तू?" ती म्हणाली. "मना वाटलं कोनी मोठा सायेब आसल." मग म्हणाली, "रडू नको. लिवून दे." कुंपणाच्या बाहेरून तिने पट्ट्या दाखवल्या, मी मोजणीदाराच्या अक्षरात लिहून घेतल्या आणि खाली सही केली की आधीची पाहणी खोटी होती.

सुनावणीला रंगाऱ्यांनी सात गटांची फाइल आणली. सुनावणी घेणारे तालुक्याचे साहेब तरुण होते. त्यांनी पडद्यावर बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "यंत्राला हे काय आहे ते कळलं होतं?"

"नाही," रंगारी म्हणाले. "इथे काहीतरी वेगळं आहे, एवढंच."

साहेबांनी माझे दोन्ही कागद शेजारी ठेवले. जुना आणि नवा. कंपनीचा वकील हसत होता. साहेबांनी मला विचारलं, "आजोबा, तीन वर्षांपूर्वी तुम्हीच लिहिलंत पाहणी केली, पडीक आहे. आज लिहिता, वापरात आहे. दोन्हीवर सही तुमचीच. कुठलं खरं धरू?"

"आताचं, साहेब."

"कशावरून?"

"या वेळी मी रिक्षातून उतरलो होतो."

वकिलाचं हसू तसंच राहिलं. मागच्या बाकावरून त्या बाईचा आवाज आला, "उतरला ना! माज्या जवल्यावच उतरला! दोन टोपल्या पायाखाली घातल्यान!"

सगळं दालन हसलं, साहेबसुद्धा. मग त्यांनी कारकुनाला सांगितलं, निर्णय होईपर्यंत फाटकाचं कुलूप काढायला लावा, सोमवारी मी स्वतः पाहणीला येतो. कागद आवरताना ते माझ्याकडे वळले.

"तुम्हीही या, आजोबा. पण जरा बघून उतरा."